गुरुजींचा हिशेब आधी

आपल्या शाळांत पैशाविषयी काही शिकवतच नाहीत, असे मोठ्या खेदाने सांगण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. नववीचे गणित २०१७ साली आणि दहावीचे २०१८ साली बदलले, तेव्हापासून राज्य मंडळाच्या दोन्ही पुस्तकांत ‘अर्थनियोजन’ नावाचे अख्खे प्रकरण आहे. नववीला बचत, गुंतवणूक आणि आयकर. दहावीला वस्तू व सेवा कर, शेअर, म्युच्युअल फंड, एसआयपी. दर्शनी किंमत, बाजारभाव, लाभांश, दलाली आणि त्या दलालीवरचा जीएसटी, इथपर्यंत सगळे त्यात आले आहे. दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुले दहावीला बसतात आणि त्यांतली बहुतेक मुले या वाटेने जातात. तेव्हा ‘शाळेत अर्थसाक्षरता आणा’ ही मागणी करणाऱ्यांनी आधी आठ वर्षांपूर्वी आलेल्या प्रकरणाचे काय झाले, एवढे विचारावे.

झाले ते असे, की त्या प्रकरणाचे गणित झाले. सूत्र लिहा, किमती घाला, एकक लिहायला विसरू नका. शेअर घेतला, विकला, दलाली वजा केली, नफा किती? उदाहरण वहीच्या पाऊण पानात सुटते, आणि तो शेअर घ्यावा की नाही हा प्रश्न त्या पाऊण पानात कुठेच येत नाही. येणार तरी कसा? गणिताच्या बाईंना बीजगणिताचा तो धडा तोंडीपरीक्षा, सराव परीक्षा आणि निवडणुकीच्या कामाच्या फटीत बसवायचा असतो. त्यात आयकराचे टप्पे जवळपास दर अर्थसंकल्पाला हलतात; जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरून गेले. ‘पुस्तकात आहे तेच लिहा, पेपरात तेच येईल’ असे बाई सांगतात, आणि परीक्षेपुरता तो सल्ला अगदी बरोबर आहे.

मग आता उपाय निघाला आहे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. तोही नवा नाही. रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक आणि पेन्शन नियामक या चौघांनी मिळून उभे केलेले राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र आठवी ते दहावीच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा घेते आणि त्या पूर्ण करणाऱ्यांना ‘मनी स्मार्ट टीचर’ असे प्रमाणपत्र देते. सहावीपासून दहावीपर्यंतच्या कार्यपुस्तिकाही या केंद्राने काढल्या आहेत, आणि त्या वाईट नाहीत. याच केंद्राच्या २०१९च्या सर्वेक्षणात देशातले अवघे २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर ठरले होते. शिक्षकही प्रौढच असतात. ते बी.एड. झाले म्हणून त्या उरलेल्या ७३ टक्क्यांतून आपोआप बाहेर पडले असतील, असे मानायला काही आधार नाही. मात्र प्रशिक्षणाची आखणी नेमकी ते मानूनच होते. गुरुजींना पैशातले कळते, फक्त मुलांना कसे सांगायचे तेवढे शिकवू, असा तो आव आहे.

आपल्याकडच्या प्रशिक्षणाची रीत सगळ्यांना पाठ आहे. राज्यस्तरावर पुण्याला तज्ज्ञ जमतात. ते जिल्ह्याचे सुलभक तयार करतात, जिल्ह्याचे सुलभक तालुक्याचे करतात, आणि तालुक्याच्या हॉलमध्ये साठ शिक्षक पीपीटी बघत बसलेले असतात. चहा, उपस्थितीची लिंक, फोटो, अभिप्रायाची लिंक. वरून निघालेला मजकूर तिथे पोहोचेतो त्यातले शंकेचे, अनुभवाचे, ‘पण आमच्याकडे असे होते’चे सगळे गळून जाते आणि उरतात व्याख्या. ‘बचत म्हणजे उत्पन्न वजा खर्च.’ हे साठ शिक्षकांना सांगायला तालुक्याला बोलवावे लागत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की या प्रशिक्षणाचे पहिले पुस्तक शिक्षकाची स्वतःची पगारपत्रिका असावी.

एका शाळेच्या स्टाफरूममध्ये बसलेल्या दहा जणांच्या दहा पगारपत्रिका समोर ठेवल्या, तर महाराष्ट्राचा गेल्या वीस वर्षांचा आर्थिक इतिहास त्यांत सापडेल. १ नोव्हेंबर २००५च्या आधी लागलेल्याला जुनी पेन्शन. त्यानंतर लागलेल्याला आधी अंशदान योजना आणि मग राष्ट्रीय पेन्शन योजना, ज्यात मूळ पगार व महागाई भत्त्याचे १० टक्के त्याचे कापले जातात आणि १४ टक्के सरकार घालते. नुकताच लागलेला शिक्षणसेवक असेल, तर तीन वर्षे ठरावीक मानधन; ते प्राथमिकला ६,००० होते, २०२३च्या जानेवारीपासून १६,००० झाले. शेजारी अंशतः अनुदानित तुकडीवरचा, ज्याला २० किंवा ४० टक्के पगार मिळतो आणि जो आंदोलनासाठी आझाद मैदानावर जाऊन आलेला असतो. आणि एखादा तासिका तत्त्वावरचा, ज्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच मिळत नाही.

यातल्या पेन्शनच्या प्रश्नावर मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा खेडोपाडी पोहोचली. संपाची बाजू बरोबर की चूक, हा इथला विषय नव्हे. पण ज्याचा म्हातारपणचा पैसा बाजाराशी बांधलेला आहे, त्यातला किती भाग शेअरमध्ये आहे, किती सरकारी रोख्यांत, तो बदलता येतो का, निवृत्तीच्या वेळी हाती किती आणि वार्षिकीत किती, हे त्या शिक्षकाला कुणी बसवून समजावून सांगितले? हिशेबाच्या चिठ्ठ्या वेळेवर मिळाव्यात, म्हणूनच संघटनांना वर्षानुवर्षे निवेदने द्यावी लागली. आणि हाच शिक्षक दहावीच्या वर्गात म्युच्युअल फंडाचे युनिट किती आले ते काढून दाखवतो. स्वतःच्या खात्यातले युनिट त्याने उघडून पाहिलेले नसतात.

दुसरीकडे याच शिक्षकाला काही गोष्टी अशा येतात, ज्या कुठल्याही पीपीटीत नाहीत. जामीन राहणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षकाइतके कुणाला माहीत असेल? पगार पक्का, म्हणून गावातला जो तो त्यालाच गाठतो. शिक्षकांची पतसंस्था प्रत्येक जिल्ह्यात आहे. सहकाऱ्याच्या कर्जावर सही करायची, तो थकला की आपल्या पगारातून हप्ता कापला जातो, आणि त्याच्याशी बोलणे तर चालूच ठेवायचे असते, कारण शाळा एकच. ही कहाणी शाळांच्या प्रत्येक केंद्रात दोन-चार जणांकडे आहे. पतसंस्थेच्या निवडणुकीत पॅनेल कसे बांधतात, ‘कर्जावरचा व्याजदर कमी करू आणि लाभांश वाढवू’ ही दोन्ही आश्वासने एकाच पत्रकात कशी छापतात, हेही त्यांना ठाऊक असते. ती दोन्ही एकाच वेळी पुरी कशी होणार, एवढा प्रश्न प्रशिक्षणात कुणी विचारला, की अर्थशास्त्राचा अर्धा तास तिथेच सुरू होईल.

पेरू देशात सुमारे ३०० सरकारी शाळांत माध्यमिकच्या मुलांना अर्थशिक्षण देण्याचा एक मोठा प्रयोग झाला. आधी शिक्षक तयार केले, मग वर्ग. मुलांच्या ज्ञानात वाढ झालीच, पण शिकवणाऱ्या शिक्षकांचेही पैशाविषयीचे ज्ञान वाढल्याचे अभ्यासकांना दिसले. आपल्याकडे हे उपफळ म्हणून बघण्याऐवजी त्यालाच पहिले फळ मानायला हवे.

शिक्षकांपासून सुरुवात करण्याला एक कमी सुखद कारणही आहे. गावात गुरुजींच्या शब्दाला किंमत आहे, ही गोष्ट शिक्षण खात्याच्या आधी साखळी योजनावाल्यांच्या लक्षात आली. झाडे, जमिनी, शेळ्या, हॉटेलच्या खोल्या, अशा नाना नावांनी महाराष्ट्रातून ठेवी गोळा झाल्या. पर्ल्स समूहाच्या पीएसीएल या एका कंपनीला सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये ४९,१०० कोटी रुपये परत करायला सांगितले होते, यावरून व्याप्ती कळावी. अशा योजना तालुक्याच्या गावात जाहिरातींनी पसरत नाहीत. ओळखीचा, शिकलेला, पगारदार माणूस ‘मी घातलेत’ म्हणतो, तेव्हा पसरतात. सेवाशर्ती शिक्षकाला खासगी धंदा करू देत नाहीत, म्हणून एजन्सी सौभाग्यवतींच्या नावावर असते. विम्याची असेल तर ती निदान कायदेशीर तरी असते. मार्चमध्ये करबचतीचे कागद जोडायची घाई सुरू झाली, की त्याच स्टाफरूममध्ये पॉलिसी विकल्या जातात. वीस वर्षांनी त्यावर पाच-सहा टक्के सुटतात आणि घेणाऱ्याला वाटते, विमाही झाला आणि बचतही झाली. संरक्षण किती लाखांचे, हे विचारा. बहुतेकांना हप्ता सांगता येतो.

यात शिक्षकांना हिणवायचा हेतू नाही. डॉक्टर, वकील, प्राध्यापक याच योजनांत बुडाले. २०२५च्या जानेवारीत दादरच्या टोरेस दुकानासमोर जमलेली बुडालेल्या गुंतवणूकदारांची गर्दी मुंबईची होती, आडगावची नव्हती. फरक इतकाच, की उद्या वर्गात उभे राहून ‘झटपट पैशाच्या मागे लागू नका’ हे सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांवर नाही, यांच्यावर आहे. ज्याने स्वतः कधी एखाद्या योजनेचे गणित मांडून पाहिले नाही, त्याच्या तोंडी ते वाक्य सुविचारासारखे येते आणि मुले सुविचार जसा ऐकतात तसेच ते ऐकतात.

गणित मांडायला तर आठवीचे चक्रवाढ व्याज पुरते. कुणी आठवड्याला सहा टक्के देतो म्हणाला, तर मुलांना म्हणावे, बावन्न आठवडे लावा. एका रुपयाचे वर्षात वीस रुपयांच्या वर होतात. असा कोणता धंदा आहे, जो कर्जाऊ पैसे घेऊन वर्षात वीसपट करतो आणि तरी त्याला तुझ्या वडिलांच्या पन्नास हजारांची गरज पडते? एवढे उदाहरण एका तासात होते. तसेच फायनान्सवाल्याच्या ‘फ्लॅट’ दराचे. बारा हजारांचा मोबाइल, बारा टक्के, बारा महिने. हप्ता १,१२० रुपये. मुले म्हणतील, व्याज बारा टक्के. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण बारा हजारांवर लावले आहे. घटत्या शिलकीवर मोजले तर दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. सावकाराचे ‘शेकडा दोन रुपये’ म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस, हे पाचवीच्या मुलालाही काढता येईल. मात्र पुस्तकात दर नेहमी ‘द.सा.द.शे.’ असतो आणि गावात नेहमी महिन्याचा, म्हणून दोन्हींची गाठ पडत नाही.

भिशी घ्या. प्रत्येक वर्गात अशी पाच-सात मुले असतात, ज्यांच्या आया भिशीत आहेत. पहिला नंबर लागणाऱ्याला बिनव्याजी कर्ज आणि शेवटच्याला बिनव्याजी ठेव, असा तो व्यवहार आहे. लिलावाची भिशी असेल तर त्यात व्याजही लपलेले आहे. बीड, जालना, नगरकडच्या मुलांना ‘उचल’ हा शब्द समजवावा लागत नाही. मुकादमाकडून कोयत्यामागे, म्हणजे जोडप्यामागे, उचल घेऊन आईबाप ऊसतोडीला जातात, हंगामाअखेर हिशेब होतो आणि पुष्कळदा त्यांच्याच अंगावर पैसे फिरलेले निघतात. हे त्या मुलाने पाहिलेले अर्थशास्त्र आहे. त्याला ‘खाऊचे पैसे साठवा’ म्हणून गल्ला दाखवणे म्हणजे त्याच्या अनुभवाला बाहेर चपलांपाशी ठेवून वर्गात यायला सांगणे.

आणि इथेच प्रशिक्षणाची खरी गरज लागते, जिचा कार्यपुस्तिकांत उल्लेख क्वचितच सापडतो. पैशाचा विषय काढला की वर्गातले प्रत्येक घर उघडे पडते. ‘कुणाच्या घरी कर्ज आहे, हात वर करा’ असे एखादा उत्साही शिक्षक सहज विचारून जातो. कुणाचे वडील कर्जापायी गेलेले असतात. कुणाचा टीव्ही फायनान्सवाल्याने उचलून नेलेला असतो, आणि ते शेजारच्या बाकावरच्याला माहीत असते. उदाहरणे परक्या नावांनी कशी घ्यायची, मुलाने स्वतःहून घरचे काही सांगितले तर त्याला न उघडे पाडता पुढे कसे जायचे, ‘तुझ्या बाबांनी चूक केली’ हे न म्हणता त्या व्यवहारातली चूक कशी दाखवायची, याचा सराव लागतो. तो एकमेकांसमोर वर्ग घेऊन, चुकून, टोकले जाऊनच होतो. पीपीटीने होत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेतला दीड दिवस यावर घालवला, तरी आमची तक्रार नसेल.

मुलेही आता वेगळ्या ठिकाणी उभी आहेत. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. घरातल्या यूपीआयचा पिन बऱ्याच घरांत मुलांनाच पाठ असतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो, हे एक वाक्य तिमाही परीक्षेपेक्षा जास्त पैसे वाचवेल. अकरावी-बारावीच्या मुलांना ‘तुझे खाते आठ दिवस वापरायला दे, पाच हजार घे’ असे विचारणारे भेटतात. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलिस मुलाच्या दारात येतात. फसवणूक झाली तर तासाभरात १९३० क्रमांकावर फोन करायचा, हे किती स्टाफरूममध्ये भिंतीवर लिहिलेले आहे? पैशावरचे ऑनलाइन खेळ २०२५च्या कायद्याने बंद झाले खरे, पण सेबीच्याच अभ्यासाप्रमाणे वायदे बाजारात व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले होते, आणि तीन वर्षांत तिथे उतरलेल्या शंभरातल्या ९३ जणांनी पैसे घालवले. दहावीच्या धड्यात शेअर आहे. हा आकडा नाही.

शिकवले की मुले शहाणी होतील, अशी भाबडी आशाही नको. ब्राझीलमध्ये २०१०च्या सुमारास ८९२ शाळांत असाच प्रयोग झाला. मुलांचे ज्ञान वाढले, बचत वाढली, घरी जाऊन ती आईवडिलांशी बोलू लागली. पण त्याच मुलांनी हप्त्यांवर आणि क्रेडिट कार्डावर महागड्या वस्तू जास्त घेतल्या, असेही दिसले. पैशाची भीड चेपली, की ती दोन्ही बाजूंनी चेपते. पुस्तकात काय वगळायचे, हा निर्णय म्हणूनच काय घालायचे याच्याइतका महत्त्वाचा आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला डिमॅट खाते कसे उघडायचे हे शिकवण्याची घाई कुणाला आहे, ते एकदा पाहावे.

घाई ज्यांना आहे, ते शाळेच्या दारात उभेच आहेत. एखाद्या दलाली ॲपचा, विमा कंपनीचा, खासगी बँकेचा माणूस ‘मोफत अर्थसाक्षरता सत्र’ घ्यायला येतो. टोप्या वाटतो, पेन वाटतो, शिक्षकांचे मोबाइल क्रमांक घेऊन जातो. मुख्याध्यापकांना उपक्रमाचा अहवाल मिळतो. पूर्वी ‘संचयिका’ होती, तेव्हा शाळेच्या बचतीचे वहीखाते वर्गातली मुले आणि एक शिक्षक सांभाळत. आठ-बारा आण्यांचे ते व्यवहार होते, पण कुणाला काही विकायचे नव्हते. ती योजना मिटली आणि तिची रिकामी जागा कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी विभागांनी भरली.

पैसा नाही, म्हणून हे करावे लागते, ही सबब चालणार नाही. म्युच्युअल फंड कंपन्यांनी त्यांच्याकडच्या मालमत्तेवर साधारण ०.०२ टक्के रक्कम गुंतवणूकदारांच्या शिक्षणासाठी बाजूला काढावी, असा सेबीचा नियम बरीच वर्षे आहे. या उद्योगाची मालमत्ता सत्तर लाख कोटींच्या पुढे गेली आहे. त्यातून निघणारी रक्कम वर्षाला हजार कोटींच्या घरात जाते. ‘म्युच्युअल फंड सही है’च्या जाहिराती यातूनच होतात. त्यातला एक बारीकसा हिस्सा शाळांच्या केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेकडे वळवला, तर महिन्यातून एक तास शिक्षकांच्या स्वतःच्या हिशेबासाठी मिळेल. शिक्षण परिषद आहेच, केंद्रप्रमुख आहेत, शिक्षक तिथे जमतातच. नवा हॉल, नवा लोगो, नवे ॲप काही लागत नाही. शिकवायला निवृत्त बँक कर्मचारी, पतसंस्थेचा जुना लेखापाल, आणि जामीन राहून पोळलेले दोन शिक्षक पुरेत.

फक्त प्रशिक्षकांच्या यादीत नाव घालण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक ओळ लिहून घ्यावी: मी किंवा माझ्या घरातील कुणीही विमा, फंड, ठेव, प्लॉट वा साखळी योजना विकून कमिशन घेत नाही. एवढ्या एका अटीने यादी किती आखडते, ते शिक्षण खात्याने जाहीर करावे.